टमाट्यांना बांधलेलं लुगडं

टमाट्याची झाडं उभी राहावीत म्हणून मी माझ्या सासूबाईंचं लुगडं फाडलं. आधीच सांगून टाकलेलं बरं. मी नाही सांगितलं तर आमच्या गल्लीतलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच, आणि त्यात माझी बाजू कुणी मांडणार नाही. माझी बाजू एवढीच, की ते लुगडं कशासाठी जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. बायको म्हणते, माहीत नव्हतं तर विचारायचं होतं.

मी घनसावंगीचा. तीस वर्षं घनसावंगी ते अंबड काळीपिवळी जीप चालवली. आत माणसं कोंबलेली, मागं चारजण लटकलेले, आणि टपावर सामान: खताची पोती, सायकली, एकदा तर नवरीच्या रुखवताचं अख्खं कपाट. टपावरचं सामान मी स्वतः बांधायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. गुडघा टेकवून दोरी अशी आवळायचो की अंबड येईपर्यंत काहीसुद्धा हलायचं नाही. "डायवरनं बांधलं म्हंजी बिलकुल हलत न्हाई," असं लोक म्हणायचे आणि माझी छाती फुगायची.

ह्या बांधण्याला नावं ठेवणारी एकच बाई मला भेटली. ती भाजीच्या मळ्यात कामाला जायची, आणि बाजाराच्या दिवशी टमाट्याची पाटी घेऊन माझ्या जीपमध्ये बसायची. हातांवर पानांचे हिरवे-काळे डाग, अंगाला टमाट्याच्या पाल्याचा तो कडवट, उग्र वास. ती आली की आजूबाजूची माणसं नाकाला रुमाल लावायची. पाटी टपावर द्यायला ती तयार नसायची. मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आणि दोन सवाऱ्यांची जागा अडवायची. मला राग यायचा.

"मावशी, टपावर द्या की. बराबर बांधतो."

"नको रं बाबा. तू लई आवळतूस. माझे टमाटे फुटतेत."

सहा महिने हे भांडण चाललं. मग एक दिवस तिनं विचारलं, लगीन झालंय का तुझं? आणि तीच माझी सासू झाली. जावई झालो तरी पाटी काही टपावर आली नाही.

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जीप मी विकून टाकली. घरामागे मोरीच्या पाण्यावर बायको भाजी करते, कारण भाजी लावणं तिला आईकडूनच आलेलं. मी कधी तिकडे फिरकत नसे. भाजी ताटात दिसली की झालं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र सगळंच बदललं. आमची लेक पुण्याला असते. पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे तिनं माहेरी यायचं. पण डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे गेलं. म्हणजे बायको गेली, मी घर राखायला राहिलो. जाण्याआधी तिनं मोरीपलीकडच्या वाफ्यात टमाट्याची अठरा रोपं लावली, आणि पिशवी हातात घेऊन दारात उभं राहून मला बजावलं.

"अवो, नीट ऐका. सव्वा महिन्याची नात घेऊन मी येनार हाय. लेकराला घेऊन आले अन् झाडं जमिनीवर लोळताना दिसली, तर बघा. फुलं यायच्या आत काठ्या लावा."

"लावतो की. मला काय काठ्या लावता येत न्हाईत व्हय?"

"नात म्हणालीस, नातू झाला तर?" असंही मी विचारलं. ती तोवर दाराबाहेर पडली होती.

आणि मी विसरलो. खरं सांगायचं तर कंटाळा केला. महिन्याभरानं मागं गेलो तर झाडं चहूकडे पसरलेली, निम्म्या फांद्या जमिनीवर, खालच्या पानांना पिवळेपणा आलेला. धावत शेजारच्या शेतातून तुराट्या आणल्या, तुरीच्या वाळक्या काड्या हो, आमच्याकडे त्या चुलीत घालायला नाहीतर कूड करायलाच असतात. एकेका झाडाशेजारी एकेक तुराटी रोवली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि झाडांसकट सगळ्या तुराट्या आडव्या. झाड तुराटीला धरून उभं राहायच्या ऐवजी तुराटीच झाडावर रेलून झोपलेली.

मग मी चिडलो. मी चिडलो की कामाला लागतो, एवढा एक गुण माझ्यात आहे. बाजारातून चांगले मनगटाएवढे बांबू आणले, हातोड्यानं ठोकले, आणि जीपच्या टपावरची नायलॉनची दोरी अजून घरात होती ती काढली. गुडघा टेकवला आणि एकेका झाडाला असं बांधलं, की आता वारा काय, रेडा आला तरी हलणार नाही. अठरा झाडं, अठरा निरगाठी. कमरेवर हात ठेवून पाहिलं. अशी खुशी झाली म्हणता! टपावरचं सामान अंबडला सुखरूप उतरवल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं एका झाडाचा शेंडा सुकला. मग दुसऱ्याचा. दोरी खोडात रुतून बसली होती, झाड जाड होतंय हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. सामान काही वाटेत वाढत नाही ना! मी दोरी कापायला गेलो तर एक झाड माझ्या हातातच मोडलं.

"अरे डायवर, ये क्या किया? झाड हाय का पोतं?"

भिंतीवरून चाचा बघत होते. चाचा आमचे शेजारी, गाद्या आणि रजया भरायचा त्यांचा धंदा. घरात उर्दू बोलतात, माझ्याशी उर्दू-मराठीची खिचडी. आता पोरांनी दुकान घेतलंय, त्यामुळे चाचांना दिवसभर भिंतीवरून माझ्या चुका बघायला वेळ असतो. ते सावकाश फिरून आत आले, वाफ्याशी उकिडवे बसले आणि पहिलं काम म्हणजे माझी दोरी भिरकावून दिली.

"नायलॉन बिलकुल नै. सुती कपडा पायजे. जुना, नरम. जितका नरम उतना अच्छा. अन् निरगाठ नै मारायची, सुरगाठ मारायची. टोक ओढलं की सुटली पायजे. हे बघ." त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक काठीला वेढलं, मधे एक पीळ दिला, झाडाभोवती ढिला फेरा घेतला, परत काठीशी येऊन गाठ मारली. मग त्या फेऱ्यात स्वतःचं एक बोट घालून फिरवलं. "बोट जायला पायजे. झाडाला आधार दे, फाशी नको देऊ."

मला राग आला. तीस वर्षं बांधाबांध केलेल्या माणसाला गाद्या भरणारा शिकवतोय! पण मोडलेलं झाड समोर पडलेलं होतं. मग शिकलो. तीन दिवस माझी सुरगाठ निरगाठच व्हायची. हातच तसे झालेले. चाचा दररोज येऊन टोक ओढून बघायचे आणि "फेल," म्हणायचे.

शेवटी गाठ जमली, आता कपडा हवा होता. मी बायकोची पेटी उघडली. वरच्या साड्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. पण अगदी तळाला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं एक लुगडं सापडलं. लुगडं कसलं, अर्धंच उरलेलं, एका बाजूनं फाटलेलं. कधीकाळी गर्द हिरवं असेल, आता धुऊन धुऊन पार फिकं पडलेलं, काठ तेवढा लाल. हातात घेतलं तर सायीसारखं मऊ. एवढं फाटकं लुगडं इतकं बांधून कशाला ठेवलंय, असा विचार मनात आला, आणि च्यायला, तिथंच थांबला. बायकांना काहीही टाकवत नाही, असं म्हणून मी ते टरकन फाडलं. चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या. सतरा झाडांना पुरून उरल्या नाहीत.

झाडं मात्र काय उभी राहिली! आठ दिवसांत तरारून वर चढली. मी दर दोन-तीन दिवसांनी वरचा फेरा सोडायचो, झाड वाढलं तेवढा वर सरकवून पुन्हा बांधायचो. सकाळचा चहा घेऊन मी तिथंच बसायला लागलो. पिवळी फुलं आली, मग हरभऱ्याएवढी फळं. चाचांना दाखवायचो, ते मान हलवायचे. "पास," म्हणाले एकदा. खोटं कशाला बोलू, जीपचं लायसन मिळालं तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

मग पुण्याहून फोन आला. नात झाली! मी फोन हातात घेऊन अंगणात नुसता गोल गोल फिरत होतो. राजूरच्या गणपतीला नारळ बोललो होतो, तो आणतो म्हणून तिथूनच हात जोडले. चाचांकडे पेढे, सगळ्या गल्लीत पेढे. संध्याकाळी बायकोनं फोनवर बाळ दाखवलं. लालबुंद, मुठी वळलेल्या, भांडायला निघाल्यासारखी. माझ्यावर गेलीय म्हणाली. आणि मग बोलता बोलता म्हणाली:

"अन् ऐका. पेटीच्या तळाला माझ्या आईचं लुगडं हाय बघा. हिरवं, लाल काठाचं. ते काढून उन्हात घालून ठेवा. बाळाचं पहिलं दुपटं त्येचंच शिवायचंय मला. आईच्या अंगावरचं तेवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं."

मागच्या खिडकीतून वाफा दिसत होता. सतरा झाडं, आणि झाडाझाडाला सासूबाईंचं लुगडं.

"बराबर," एवढंच मी म्हणालो.

आमच्याकडे बाळाला पहिलं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत. आजीच्या नाहीतर पणजीच्या अंगावर वापरून मऊ झालेल्या लुगड्याचंच करतात. हे मला माहीत होतं हो, मी काय आभाळातून पडलोय? पण ते लुगडं आणि हे दुपटं ह्यांचा मेळ डोक्यात बसला नव्हता. आता बसला, तर बारीक पट्ट्या झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जालन्याला गेलो. हिरवं लुगडं, लाल काठ, दुकानदारानं दहा दाखवली. एक आणलं. सोडा घालून धुतलं, धोपटलं, उन्हात वाळवलं, परत धुतलं. हातांची सालं निघाली पण लुगडं पत्र्यासारखं ताठ ते ताठच. चाचांनी बोटांत धरून बघितलं आणि हळूच खाली ठेवलं.

"डायवर, ह्याला नरम व्हायला तीस सालं लागतील. त्यात एक औरत पण पायजे, रोज नेसून काम करनारी. भाभीला खरं सांगून टाक."

सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण फोनवर तिचा चेहरा एवढा फुललेला असायचा, की माझी जीभ रेटायची नाही. वरून ती म्हणायची, टमाटे दाखवा. मग मी फोन असा धरायचो की फळ दिसेल, गाठ दिसणार नाही. एकदा हात जरा हलला.

"अवो, त्ये लाल काय दिसलं? पिकला का टमाटा?"

तो लुगड्याचा काठ होता.

"हां, पिकला," मी म्हणालो.

"अगंबाई! एवढ्या जल्दी?" तिनं आत जाऊन लेकीलाही सांगितलं, बाबांचा पहिला टमाटा पिकला म्हणून. दोघी टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तो दाखवा. मी खाल्ला म्हणालो. कसा होता? गोड होता. बघा, कुठवर गेलो मी! झाडाला अजून सगळे हिरवे गोळे लटकत होते.

सव्वा महिना झाला आणि त्या आल्या. तोवर टमाटे खरोखरच पिकले होते, घोसच्या घोस. दारात गाडी थांबली. मीच पायांवर पाणी घातलं, मीच भाकरतुकडा ओवाळला, तोही उलट्या हातानं, लेक हसून हसून वाकली. दुपट्यातलं ते एवढंसं तोंड मी पहिल्यांदा समोर बघितलं आणि क्षणभर लुगडं-बिगडं सगळं विसरलो. ते दुपटं कुठल्यातरी दुकानातलं होतं, त्यावर ससे होते.

"लुगडं कुठं वाळत घातलंय?" बायकोनं विचारलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

मी म्हणालो, "मागं."

ती मागं गेली. मी तिच्या मागोमाग. आधी तिला टमाटेच दिसले, आणि ती "अगं बया!" म्हणून खुशीनं ओरडली. मग ती पहिल्या झाडाशी वाकली. पट्टीचा लाल काठ तिनं बोटांत धरला. दुसऱ्या झाडाकडे बघितलं. तिसऱ्या. मग पूर्ण ओळ.

"किती फाडलं?"

"सगळं."

"सगळं?"

"मला म्हाईत नव्हतं गं. झाडं आडवी पडली हुती. चाचा म्हनले नरम कपडा पायजे. पेटीत सगळ्यात नरम त्येच हुतं." "मी चुकलो. मी लई चुकलो."

तिनं मला बोलावं, चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत उभा होतो. ती वाफ्याच्या कडेला बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलंही नाही. पहिल्या झाडाची पट्टी सोडवावी म्हणून तिनं नखानं गाठ धरली, तर नुसतं टोक ओढल्याबरोबर अख्खी पट्टी सुटून हातात आली. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं.

"ही गाठ तुमी मारलीया?"

"हां."

"तुमी?"

पट्टी जशीच्या तशी होती, कुठं कापलेली नाही, कुठं चुरगळून विरलेली नाही. दोन महिने झाडाशी घासून तिला पाल्याचे हिरवे-काळे डाग पडले होते तेवढेच. ती डाग बघत होती. मग तिनं पट्टी नाकाशी नेली, काढली, परत नेली. शेवटी तिनं हात वर करून पट्टी माझ्या तोंडासमोर धरली.

"वास घ्या."

मी घेतला. टमाट्याच्या पाल्याचा तो कडवट, उग्र वास. मला एकदम जीपची पुढची सीट आठवली.

"पेटीत ठेवून ठेवून त्येला नुसता पेटीचा वास लागल्ता," ती म्हणाली. "मी दरसाली काढून हुंगायचे. आई त्यात कुठंच नसायची. हा बघा, हा आईचा वास हाय. मळ्यातून आली की असाच यायचा." आणि रडत रडत ती हसायला लागली. मग मला म्हणाली, "आता उभे काय ऱ्हायलात? आत जाऊन दुसरं कायतरी आना की बांधायला. सगळं सोडलं तर झाडं पडतेल माझी."

मी आत गेलो. जीप विकली तरी माझे डायवरकीचे दोन खाकी शर्ट मी खुंटीवरून उतरवले नव्हते. रोज बघायचो त्यांच्याकडे. त्यातला मऊ कुठला, हे बघायलासुद्धा थांबलो नाही, दोन्ही घेऊन आलो आणि तिच्यासमोर टरकन फाडले. ती "अवो, अवो!" करत राहिली. मग आम्ही दोघं ओळीनं बसलो. ती लुगड्याची पट्टी सोडायची, मी तिथं खाकी बांधायचो. ती प्रत्येक गाठ ओढून बघायची. भिंतीवरून चाचा म्हणाले, "वा, आता सगळे डायवर लायनीत उभे हायेत." तिनं चाचांना तेवढ्यात टमाट्याची पाटी भरून दिली.

पट्ट्या तिनं नुसत्या गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवल्या. डाग काही गेले नाहीत, तिनं घालवलेही नाहीत. चाचांनी दुकानातून पातळ अस्तर आणि लांब सुई दिली, आणि मायलेकी पाच-सहा दिवस दुपारी अंगणात बसून पट्टीला पट्टी जोडत राहिल्या. दुपटं झालं ते काही सुबक नाही. कुठं लाल काठ मधेच येतो, कुठं हिरवा डाग. लेक म्हणाली, बाबा, पुण्यात असं कुणाकडेच नाही. मी म्हणालो, कसं असेल, त्याला मूर्ख आजोबा लागतो.

पहिल्यांदा गुंडाळायचं होतं तेव्हा बायकोनं दुपटं खाटेवर पसरलं, बाळाला त्यावर ठेवलं, आणि स्वतः मागं सरकली.

"घ्या, तुमीच गुंडाळा."

"मी? मला न्हाई जमनार."

"जमतंय. लई आवळू नका फक्त."

ती सहज बोलून गेली. तिच्या आईनं ते वाक्य मला किती वेळा ऐकवलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी दुपट्याचं एक टोक इकडून घेतलं, एक तिकडून. नात माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. गुंडाळून झाल्यावर मी तिच्या छातीशी दुपट्यात माझं एक बोट घालून बघितलं. बोट जात होतं. तिनं तेच बोट मुठीत धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.